पिशवी काढण्याआधी कुणाला विचारायचं?

घरातली पुरुष मंडळी रेडिओजवळ असतील तर त्यांनी उठून जाऊ नये. आजचा विषय बायकांच्या पाळीचा आणि गर्भपिशवीचा असला तरी त्याचा खर्च आणि परिणाम सगळ्या घराला सोसावे लागतात.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या गावांमध्ये बचत गटांचं काम करतो. दर महिन्याला बैठक होते, बचत जमा होते, कर्जं दिली जातात. कर्जाच्या वहीत एक रकाना असतो, ‘कर्जाचे कारण’. शेळी, बियाणं, मुलीची फी, घरावरचे पत्रे असं त्यात लिहिलेलं असतं. गेल्या वर्षी हिशेब तपासणीच्या निमित्तानं आम्ही एका गटाच्या जुन्या वह्या काढल्या आणि तो रकाना पहिल्यापासून वाचला. दर दोन-तीन पानांनी ‘दवाखाना’ हा शब्द येत होता. त्यातही सात ठिकाणी ‘पिशवी ऑपरेशन’ लिहिलेलं होतं. सातही जणी तेव्हा चाळिशीच्या आतल्या. सातही कर्जं आलेल्या दिवशीच मंजूर झालेली.

आम्हाला त्या वेळी याचा अभिमान वाटायचा. सावकार दहा हेलपाटे मारायला लावतो आणि आपला गट पाच मिनिटांत पैसे देतो, असं आम्ही सगळीकडे सांगायचो. शेळीसाठी कर्ज मागितलं तर आम्ही विचारायचो, शेळी कुठून घेणार, किती वेताची, बांधणार कुठं? पिशवीसाठी मागितलं तेव्हा मात्र आम्ही एकही प्रश्न विचारला नाही.

मागच्या श्रावणातल्या बैठकीत आमच्या एका मैत्रिणीनं पस्तीस हजारांचं कर्ज मागितलं. वय बत्तीस, तीन लेकरं, नवरा-बायको दोघं ऊसतोडीला जातात. तिला दोन वर्षांपासून अंगावरून जास्त जात होतं, पाळी नऊ-दहा दिवस चालायची, अंगावर पांढरंही जायचं. तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं की पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढं कॅन्सर होईल. तोडीला जायच्या आधी ऑपरेशन उरकून घ्यायचं असं घरात ठरलं होतं. सचिवताईंनी वही उघडली आणि कारण लिहायला घेतलं.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली दुसरी एक जण बोलली. जुन्या वहीतल्या त्या सातजणींपैकी ती एक. ती म्हणाली, “मह्या वेळंला मला कुणीच काही इचारलं नव्हतं. तुम्हीबी नाही. हिला तरी इचारा.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वाद सुरू झाला. एक मावशी म्हणाल्या, “तिचं अंग, तिचा त्रास. पैसे तिच्या बचतीवर मिळणार. आपण कोण अडवणार?” हे म्हणणं खोटं नव्हतं. आयुष्यभर नवरा, सासू, मुकादम यांनी आपल्यासाठी ठरवायचं, आणि आता गटानंही ठरवायचं का? दुसरीकडे काहीजणींचं म्हणणं होतं की न विचारता पैसे देणं हासुद्धा एक प्रकारचा सल्लाच झाला. शेवटी असं ठरलं की कर्ज नाकारायचं नाही. पैसे बाजूला काढून ठेवायचे, पण आधी तिनं आणखी दोन ठिकाणी दाखवून यायचं. जाण्यायेण्याचं भाडं गट देणार आणि सोबत एक बाई जाणार. त्यानंतर ती म्हणेल ते.

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात हा विषय नवा नाही. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याच्या बातम्या देशभर गेल्या. राज्य सरकारनं विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यानंतर खाजगी दवाखान्यांनी हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम जिल्ह्यात आला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक पिशवी काढण्याबाबतच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश दिला.

कागदावर नियम आले. पण बाई ऑपरेशनपर्यंत का पोचते, हे आपल्याला ठाऊक आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडावर ना संडास, ना आडोसा, ना पुरेसं पाणी. पाळीतलं कापड धुवायला आणि उन्हात वाळवायला जागा नाही. त्यातून जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. त्रास अंगावर काढता काढता बाई थकते. मग कुणीतरी सांगतं, पिशवीच काढली की कटकट गेली, पाळी नाही आणि खाडाही नाही.

आता आमची मैत्रीण कुठं कुठं गेली ते सांगतो, म्हणजे कोणत्या आरोग्य कर्मचाऱ्याचं काम काय हेही कळेल.

पहिली आशाताई. आशा आपल्याच गावची सून असते. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हापासून हे पद आलं. आशाताई ऑपरेशनचा निर्णय देऊ शकत नाही आणि तिनं तो देऊही नये. पण कुठं जायचं, कोणत्या दिवशी डॉक्टर असतात, कोणते कागद लागतात हे तिला माहीत असतं आणि ती सोबत येऊ शकते. तिला नियमित पगार नाही, कामाचा मोबदला मिळतो. त्यामुळे तिला ‘सरकारी माणूस’ समजून रागावण्याआधी तिच्या पायपिटीचाही विचार करा.

दुसरी पायरी उपकेंद्र. तिथं आरोग्यसेविका असतात, त्यांना आपण सिस्टर किंवा नर्सबाई म्हणतो. आता बऱ्याच उपकेंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि तिथं समुदाय आरोग्य अधिकारीही बसतात. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर, तोंडाचा कर्करोग, बायकांच्या स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी व्हावी, असा कार्यक्रम आहे. आमच्या मैत्रिणीचं हिमोग्लोबिन उपकेंद्रात तपासलं. ७.६ भरलं. बाईचं १२ च्या वर असावं लागतं, ८ च्या खाली म्हणजे तीव्र पंडुरोग. याच रक्तावर ती रोज उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरत होती आणि याच रक्तावर ऑपरेशनच्या टेबलावर जाणार होती.

तिसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. खरं तेच सांगायचं तर पहिल्या दिवशी तिथं डॉक्टर नव्हते. मीटिंगला गेले असं कळलं. दोघींची त्या दिवसाची मजुरी बुडाली. आमची मैत्रीण चिडून म्हणाली, “म्हणूनच माणूस खाजगीत जातंय.” तिचा राग बरोबर होता. सरकारी दवाखान्यात जा असं सांगणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे लपवून चालणार नाही. दुसऱ्या खेपेला आशाताईंनी आधी फोन करून खात्री केली आणि मगच निघाल्या. डॉक्टरांनी तपासलं, पांढरं जाण्यासाठी औषधं दिली आणि नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगितलं. काही संसर्ग नवरा-बायकोत फिरत राहतात. एकट्या बाईनं गोळ्या खाल्ल्या तर महिन्याभरात दुखणं परत येतं. नवरा आधी कुरकुरला. आशाताईंनी समजावल्यावर त्यानं गोळ्या घेतल्या.

चौथी पायरी उपजिल्हा रुग्णालय. तिथं स्त्रीरोगतज्ज्ञ असतात. सोनोग्राफीची तारीख वीस दिवसांनी मिळाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैसे लागले नाहीत, पण वाट पाहावी लागली. तिथल्या बाई डॉक्टरांनी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी केली. पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड लावून बघतात, काही मिनिटांचं काम असतं. तिशीनंतर दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावी. तिच्यात कॅन्सरची शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही. सोनोग्राफीत एक लहान गाठ होती. डॉक्टर म्हणाल्या, अशी लहान गाठ पुष्कळ बायकांना असते, तिच्यावर लक्ष ठेवू, पिशवी काढायची आज गरज नाही. पाळीत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, लोहाचं औषध शिरेतून दिलं, पुढं घ्यायच्या लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी भागलं नाही तर हार्मोनच्या गोळ्या आहेत, तांबीसारखं पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे, आणि त्यानंही भागलं नाही तर ऑपरेशनचा विचार करू, असं त्यांनी पायरीपायरीनं सांगितलं.

आमची मैत्रीण बाहेर आली आणि म्हणाली, “एवढं सगळं असतंय व्हय? मला तर एकच सांगितलं होतं.”

आता दुसऱ्या मैत्रिणीविषयी. बैठकीत कोपऱ्यातून बोललेली ती. सोबत म्हणून तीच गेली होती. उपकेंद्रात बसल्या बसल्या तिनं पिशवीत जपून ठेवलेलं स्वतःचं जुनं डिस्चार्ज कार्ड समुदाय आरोग्य अधिकारी असलेल्या मॅडमना दाखवलं. ऑपरेशन झालं तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. आज तेहतीस. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही, गुडघे आणि कंबर धरते, मोळी उचलत नाही. मॅडमनी कार्ड वाचलं आणि विचारलं, “ताई, पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलीत, हे तुम्हाला सांगितलं होतं का?”

तिला ते चार वर्षांनी तिथं पहिल्यांदा कळलं. कागदावर तिचा अंगठा होता. तिला सही करता येते, पण त्या दिवशी घाईत अंगठाच घेतला होता.

अंडाशयं काढली की पाळी जाण्याचं वय एकदम येतं. पन्नाशीला येणारं सगळं तिशीलाच येतं. हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात. अंडाशयं ठेवून नुसती पिशवी काढली तरी काही बायकांना हा बदल लवकर येऊ शकतो. आता तिला स्त्रीरोगतज्ज्ञांनी औषधं सुरू केलीत, थोडा आराम आहे. पण गेलेलं परत येत नाही. तिच्या कर्जाचा शेवटचा हप्ता आमच्या गटानं मागच्या वर्षी घेतला. तो जमा करून घेताना आम्ही ‘वेळेवर परतफेड’ म्हणून टाळ्या वाजवल्या होत्या.

मैत्रिणींनो, आमचं म्हणणं असं नाही की पिशवी कधीच काढू नये. कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, अंग खूप बाहेर येत असेल, औषधांनी रक्तस्राव थांबतच नसेल, तर ऑपरेशननं जीव वाचतो. असं ऑपरेशन नीट करणारे चांगले डॉक्टर खाजगीतही आहेत आणि सरकारीतही. पण शेवटी करायची गोष्ट पहिल्या भेटीतच केली जाते, तिथं चूक होते. डॉक्टरांचं काम नुसतं ऑपरेशन करण्याचं नाही. तपासायचं, काय झालंय ते आपल्या भाषेत सांगायचं, कोणकोणते उपाय आहेत ते सांगायचं, प्रत्येकाचा फायदा-तोटा सांगायचा, आणि मग बाईला विचार करायला वेळ द्यायचा, हेही त्यांचं काम आहे. संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. समजून दिलेला होकार म्हणजे संमती.

आणि हे काम फक्त मोठ्या डॉक्टरांचंच आहे असंही नाही. आपल्या शेजारीच जामखेड आहे. तिथं १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येकींनी शाळा पाहिलेली नव्हती. त्यांनी गावची बाळंतपणं, लसी, पाणी, कुपोषण यांवर काम केलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली तो अभ्यास जगापुढे मांडला. १०० पैकी ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि १०० पैकी फक्त ८ जणींची त्याआधी कधी अशी तपासणी झाली होती. त्या अभ्यासातून एक गोष्ट साऱ्यांना कळली. बाईचं दुखणं सापडत नाही याचं कारण तिला कुणी विचारत नाही आणि ती कुणाला सांगत नाही.

म्हणून गटांच्या बैठकीत आम्ही काही प्रश्न पाठ केलेत. तुम्हीही करा. डॉक्टरांपुढे धीर होत नसेल तर चिठ्ठीवर लिहून न्या.

एक, मला नेमका आजार कोणता आहे? तो कागदावर लिहून द्याल का?
दोन, कोणत्या तपासणीवरून हे कळलं? त्याचा रिपोर्ट मला द्याल का?
तीन, ऑपरेशनशिवाय दुसरा कोणता उपाय आहे? तो आधी करून बघता येईल का?
चार, ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढणार? अंडाशयं ठेवणार की काढणार?
पाच, एक-दोन महिने थांबलं तर काय धोका आहे?
सहा, एकूण खर्च किती, आणि सरकारी योजनेत हे बसतं का?

हे विचारणं उद्धटपणा नाही. रुग्णाला माहिती मिळण्याचा, आपले कागद मिळण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क आहे. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. कुणी रागावलंच, तर दुसरं मत घ्यायला हवं हे तिथंच समजून घ्या.

दोन गोष्टी घरासाठी. आपले सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तोडीला जाताना बरोबर न्या. आमची मैत्रीण दसऱ्यानंतर कारखान्यावर गेली. डिसेंबरात गोळ्या संपल्या. तिनं आशाताईंना फोन केला. आशाताई म्हणाल्या, “तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात कागद घेऊन जा.” तिथल्या सिस्टरनी कागद पाहिला आणि गोळ्या दिल्या. कागद नसता तर परत पहिल्यापासून सगळं झालं असतं. दुसरी गोष्ट, पोरींना पाळी सुरू झाली की त्यांच्याशी बोला. पांढरं किती जाणं साधं आणि किती जाणं दुखणं, वास, खाज, रंग बदलला तर कुणाला सांगायचं, हे त्यांना पंधराव्या वर्षी कळलं तर तिसाव्या वर्षी गटाकडे कर्ज मागायची वेळ येणार नाही.

आमची मैत्रीण होळीनंतर गावी आली. हिमोग्लोबिन १०.४ भरलं. पाळी पाच दिवसांवर आली. पूर्ण बरी झाली असं आम्ही म्हणणार नाही. गाठ आहे तशीच आहे, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करायची आहे. उद्या कदाचित ऑपरेशन करावंही लागेल. तेव्हा गट पैसे देईल. पण तेव्हा तिला माहीत असेल की काय काढतायत आणि का काढतायत.

बाजूला काढलेल्या पस्तीस हजारांतले दहा हजार तिनं नंतर मागितले. सचिवताईंनी वही उघडली, आणि या वेळी कोपऱ्यातून प्रश्न आला, “शेळी कितव्या वेताची हाय?” सगळ्या हसल्या. कारणाच्या रकान्यात ‘शेळी’ लिहिलं.

आमच्या गटांनी आता एक नियम केलाय. आजारपणाचं कर्ज मागायला कुणी आली की तातडीचं असेल तर त्याच रात्री पैसे द्यायचे, प्रश्न नंतर. तातडीचं नसेल तर आधी वरचे सहा प्रश्न, दुसरं मत, सोबत एक बाई आणि भाड्याचे पैसे गटाचे. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. जुनी वही उघडा, कारणाचा रकाना वाचा, आणि ज्यांच्या नावापुढे ‘पिशवी ऑपरेशन’ लिहिलंय त्यांना आता कसं वाटतंय ते विचारा. उशीर झालाय म्हणून विचारायचं सोडू नका. आमच्या मैत्रिणीची औषधं त्या विचारण्यामुळेच सुरू झाली.

आज इथंच थांबतो. काळजी घ्या, एकमेकींची घ्या. नमस्कार.